जुन्या बाजारातलं काचसामान आणि घरचा कोंबुचा : कर्वेनगरमधलं एक प्रकरण

परिस्थिती

कर्वेनगरमधल्या एका घरात गेली काही वर्षं कोंबुचा, म्हणजे साखर घातलेल्या चहाला विरजण लावून आंबवलेलं आंबट पेय, केला जातो. करणारा मुलगा तिशीतला, हिंजवडीला नोकरी. घरात तो आणि त्याची आई. मी त्यांचा जुना शेजारी. माझी सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत, सांडपाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत झाली. त्यामुळे काचेच्या भांड्याचं काही निघालं की तो मला विचारतो.

सुरुवातीला त्याच्याकडे दोन लिटरची एकच बरणी होती. मग सोसायटीतले लोक मागायला लागले, ऑफिसातले मित्र मागायला लागले आणि एका वेळी पंधरा लिटर लावायची वेळ आली. भांडी कमी पडली. बोरोसिलिकेट या उष्णता सोसणाऱ्या काचेच्या नव्या भांड्यांचे भाव बघून एका रविवारी तो मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेला. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात जुनी नाणी, नटबोल्ट, रेडिओ, पाने-पक्कड, काय वाटेल ते मिळतं. तिथे एका विक्रेत्याकडे त्याला प्रयोगशाळेच्या काचसामानाचं मोठं खोकं दिसलं. "कॉलेजचा माल आहे साहेब, सगळं बोरोसिल." घासाघीस झाली आणि खोकं रिक्षातून घरी आलं.

खोक्यात बऱ्यापैकी ऐवज होता. साध्या तोंडाचे चार कॉनिकल (शंकूच्या आकाराचे) फ्लास्क, घासलेल्या जॉइंटचे सहा (दुसरं काचसामान घट्ट बसावं म्हणून तोंड आतून खरखरीत केलेले), खाली तोटी असलेली पाच लिटरची ॲस्पिरेटर बाटली, काही बीकर, एक मेझरिंग सिलिंडर, काचेच्या बुचाच्या रिएजंट बाटल्या (निम्म्या तपकिरी), निळ्या झाकणाच्या दोन बाटल्या, एक लीबिग कंडेन्सर (वाफ थंड करून पुन्हा द्रव करणारी काचेची नळी), जाड काचेचा एक फिल्टरिंग फ्लास्क, एक सिंटर्ड फनेल, एक थर्मामीटर, एक हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं) आणि पिशवीभर रबरी बुचं.

त्याचा बेत असा होता : ॲस्पिरेटरमध्ये कोंबुचा लावायचा आणि लागेल तसा तोटीतून काढायचा, कॉनिकलमध्ये विरजण जपायचं आणि काचेच्या बुचाच्या बाटल्यांत फळांचा रस घालून दुसऱ्यांदा आंबवून गॅस धरू द्यायचा. कंडेन्सरचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. ते मी लगेच ठरवून टाकलं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा गुन्हा आहे, आणि गॅसच्या शेगडीवर अल्कोहोलची वाफ काढणं म्हणजे घराला आग लावायची तयारी. तो विषय तिथेच मिटला. त्याचा तसा विचारही नव्हता.

त्याच संध्याकाळी त्याने ॲस्पिरेटर साबणाने धुऊन त्यात साखर घातलेला गरम चहा ओतला. बाटलीचा तळ बांगडीसारखा गोल सुटून निघाला. चहा ओट्यावरून खाली फरशीवर गेला. सुदैवाने कोणी भाजलं नाही. तेव्हा त्याने मला फोन केला.

"काका, ती एक बाटली गेली. बाकीचं सगळं नीट उकळून घेतो. मग चालेल ना?"

उकळून काय जातं आणि काय जात नाही

घरी आंबवणाऱ्या सगळ्यांची शिकवण जंतूंभोवती फिरते, आणि ते बरोबरच आहे. बुरशी लागली, नको ते जिवाणू शिरले की सगळा घाट वाया जातो. म्हणून उकळा, वाफ द्या, सॅनिटायझर लावा. पण वापरलेल्या प्रयोगशाळेच्या भांड्यात जंतू ही सगळ्यात किरकोळ अडचण असते. तिथे भीती असते ती पारा, शिसं, क्रोमियम, आर्सेनिक यांची, आणि ती उकळून मरत नाहीत. त्यांना मरण नाहीच. भांडं निर्जंतुक असणं आणि भांड्यात विषारी अंश नसणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली घरी साधता येते. दुसरी घरी तपासताही येत नाही.

कोंबुचाच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे. तयार कोंबुचाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा कमी तितकं आंबट), साधारण अडीच ते साडेतीन असतो. हा आंबटपणा पेयाला जंतूंपासून वाचवतो, पण तोच आंबटपणा भांड्याला चिकटलेले धातू सोडवून पेयात आणतो. शिवाय पेय त्या भांड्यात आठ-दहा दिवस मुरतं. पाणी पिऊन पेला विसळून ठेवण्यासारखा हा संबंध नाही. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात एका जोडप्याची नोंद आली होती. चिनी मातीच्या भांड्यात कोंबुचा करून ते काही महिने पीत होते, आणि दोघांनाही शिशाची विषबाधा झाली. शिसं भांड्याच्या चकाकीतून उतरलं होतं. हे मी सांगितलं कारण मुलाच्या आईने, वहिनींनी, तोडगा काढला होता : "सासूबाईंची लोणच्याची मोठी बरणी माळ्यावर आहे, ती घे की." त्या बरणीला कसली चकाकी दिली आहे हे आज कोणी सांगू शकत नाही. ती माळ्यावरच राहिली.

खुद्द काचेचा इथे काही दोष नाही. बोरोसिलिकेट काचेत साधारण ८० टक्के सिलिका आणि १३ टक्के बोरॉन ऑक्साइड असतं. ती आम्लाला दाद देत नाही, म्हणून तर प्रयोगशाळांनी ती स्वीकारली. प्रश्न असतो तो काचेवर काय बसलं आहे याचा. चऱ्यांमध्ये, घासलेल्या जॉइंटच्या खरखरीत पृष्ठभागात, सिंटर्ड फनेलच्या बारीक छिद्रांत रसायनं अडकून राहतात. गुळगुळीत काचेवरही धातूंचे आयन धरून बसतात. शिवाय आपल्याकडच्या कॉलेजांत आणि कारखान्यांत कित्येक वर्षं काचसामान धुण्यासाठी क्रोमिक ॲसिड वापरत. तीव्र सल्फ्युरिक आम्लात पोटॅशियम डायक्रोमेट विरघळवलं की हे मिश्रण होतं. त्याने काच लखलखीत निघते. पण त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि कितीही विसळलं तरी थोडं काचेला धरून राहतं. त्यामुळे अनेक प्रयोगशाळांनी ही पद्धत सोडली. जुनी काच चमकते आहे म्हणजे ती स्वच्छ आहे असं मानायला त्यामुळे कसलाच आधार नाही. उलट ती का चमकते आहे, असं विचारावं.

मी त्याला एवढंच सांगितलं की धुवायला घेऊ नको, आधी निवडू.

हिरवी कड

निवड गॅलरीत, सकाळच्या उजेडात, वर्तमानपत्रं पसरून आणि हातमोजे घालून केली. घरातल्या दिव्याखाली असं काम करू नये. बारीक तडा आणि फिकट डाग दोन्ही नजरेतून सुटतात.

घासलेल्या जॉइंटचे सहा फ्लास्क मी सगळ्यात आधी हातात घेतले. जॉइंट बी-२४ या मापाचा, आणि खोक्यातल्या कंडेन्सरचा जॉइंटही बी-२४. एकावर एक बसवून पाहिले, नेमके बसले. फ्लास्कच्या खांद्यावर पांढऱ्या रंगाने आकडे घातले होते आणि एकावर इंग्रजीत 'ब्लँक' (तुलनेसाठी नमुन्याशिवाय करायची तपासणी) असं लिहिलं होतं. मग जॉइंटचा आतला भाग उजेडाकडे धरला. घासलेल्या पट्ट्याच्या खालच्या काठाला केसाएवढी एक हिरवी कड होती. दुसऱ्या फ्लास्कला तीच कड, आणि ओठावर नारिंगी ठिपका. तिसऱ्यालाही कड. नखाने खरवडून निघेना.

हा जुळणारा संच, आकडे, 'ब्लँक' आणि डायक्रोमेटचे हे दोन रंग माझ्या रोजच्या ओळखीचे होते. सीओडी ही सांडपाण्याची सगळ्यात नेहमीची तपासणी. रासायनिक ऑक्सिजन मागणी मोजायची, म्हणजे पाण्यात किती सेंद्रिय घाण आहे ते पाहायचं. त्यासाठी नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम डायक्रोमेटसोबत कंडेन्सर लावून दोन तास उकळतात. सिल्व्हर सल्फेट उत्प्रेरक म्हणून घालतात आणि क्लोराइडचा अडथळा दूर करायला मर्क्युरिक सल्फेट, म्हणजे पाऱ्याचा क्षार. डायक्रोमेट नारिंगी असतं, खर्ची पडलं की क्रोमियम हिरवं होतं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांना हे काम रोज करावं लागतं, आणि एखादी बंद झाली की तिचं सामान भंगारात जातं.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी फ्लास्क पाहिला आणि म्हणाल्या, "एवढ्याशा रेघेनं काय होतंय, भाऊजी?"

प्रश्न योग्य होता, म्हणून मी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. वीस मिली नमुन्याच्या एका तपासणीत साधारण ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट पडतं. त्यात निव्वळ पारा सुमारे २७० मिलिग्रॅम. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका तपासणीतल्या पाऱ्याचा पावणेतीन लाखांमधला एक भाग जॉइंटमध्ये अडकून राहिला आणि एक लिटर पेयात उतरला, तरी ती मर्यादा गाठली जाते. आणि अशा फ्लास्कमध्ये एक तपासणी होत नाही, वर्षानुवर्षं होत राहतात. तेवढा पारा डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही, चव लागत नाही. आम्हाला दिसली ती रेघ क्रोमियमची होती. पाऱ्याची रेघ दिसणारच नव्हती.

मुलगा म्हणाला, "काका, ती कड कदाचित मोरचुदाचीही असेल." असेलही. हिरवट-निळा रंग तांब्याच्या क्षारांचा असतो, निकेलचाही असतो. पण त्याने निर्णय बदलत नाही. भांडं दोषी आहे हे मी सिद्ध करत बसणार नाही. पिण्यासाठी घ्यायचं तर ते निर्दोष आहे हे दिसायला हवं.

मग त्याने विचारलं की एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून पेयातले जड धातू तपासून घ्यावेत का. सहा जुने फ्लास्क वाचवण्यासाठी हे करण्यात अर्थ नाही. तपासणीच्या खर्चात नवे फ्लास्क येतात, आणि अहवाल फक्त त्या एका घाण्याबद्दल बोलतो. जॉइंटमधून धातू हळूहळू सुटतात; आज कमी सुटले म्हणून पुढच्या महिन्यात तेवढेच सुटतील असं नाही. उद्या तो विकण्यासाठी कोंबुचा करायला लागला तर गोष्ट वेगळी. तेव्हा पेयाची तपासणी करावीच लागेल, पण ती चांगल्या भांड्यांतल्या पेयाची.

सहाही फ्लास्क आणि कंडेन्सर बाजूला गेले.

बाकीची निवड

उरलेल्या सामानाकडे पाहताना एकच गोष्ट डोक्यात ठेवली : या आकाराच्या भांड्यात सहसा काय ठेवतात? तपकिरी बाटल्यांत उजेडाने बिघडणारी द्रावणं असतात, सिल्व्हर नायट्रेट, आयोडिन, परमँगनेट. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये प्रमाण द्रावणं, त्यात शिसं आणि आर्सेनिकचीही. सेपरेटिंग फनेलमध्ये सॉल्व्हंट आणि कीटकनाशकं. लांब मानेच्या जेल्डाल फ्लास्कमध्ये नत्र मोजण्यासाठी आम्लाबरोबर तांबं, सेलेनियम किंवा पारा घालून उकळतात. यातले शेवटचे तीन प्रकार त्याच्या खोक्यात नव्हते, पण दुसऱ्या कोणाच्या खोक्यात असू शकतात, म्हणून नोंदवतो. काचेच्या बुचाच्या सगळ्या बाटल्या बाद झाल्या. रबरी बुचं तर बघायचीही गरज नव्हती. रबर सॉल्व्हंट आणि वास शोषतं आणि परत सोडतं. सिंटर्ड फनेल बाद. हायड्रोमीटरच्या तळाशी वजनासाठी पुष्कळदा शिशाचे छर्रे असतात. बाहेरची काच शाबूत असेपर्यंत ते कुठे जात नाहीत, पण याच्या देठाजवळ टवका होता. नवं हायड्रोमीटर स्वस्त मिळतं, म्हणून हेही बाद. थर्मामीटर पाऱ्याचा होता. तो त्याच क्षणी झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत कापसात गुंडाळून ठेवला, कारण असा थर्मामीटर कोंबुचाच्या बरणीत फुटला तर काय होईल याचा विचारही करवत नाही.

बीकरबाबत माझं मत थोडं सैल होतं. गुळगुळीत काच, जॉइंट नाही, डाग नाहीत. पीएच पट्टी बुडवायला थोडासा नमुना काढायचा आणि फेकून द्यायचा, एवढ्यासाठी लाल टेप लावून ठेवावेत असं मी सुचवलं. वहिनींनी ते मोडीत काढलं. "माझ्या स्वयंपाकघरात पिण्याचं नाही असं भांडं मला नको. पाहुणे येतात, बाई येते घासायला. टेप निघाली की झालं." त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा सरस होतं. भांडं कुठे राहणार आणि कोणाच्या हाताखालून जाणार, हा सुरक्षिततेचाच भाग आहे. बीकर खाली पार्किंगमधल्या कपाटात गेले, रंगाचे ब्रश बुडवायला.

मग उरलं काय? साध्या तोंडाचे चार कॉनिकल, मेझरिंग सिलिंडर आणि निळ्या झाकणाच्या दोन बाटल्या. चारही कॉनिकल खोक्याच्या तळाशी आपापल्या पुठ्ठ्याच्या डब्यात होते, आतला कागद घडी न मोडलेला, उत्पादकाचं लेबल चिकटलेलंच, आणि डब्यावर शाईने कॉलेजच्या भांडाराचा क्रमांक. म्हणजे विक्रेता अर्धं खरं बोलला होता. कॉलेजच्या भांडारातून कधी बाहेरच न पडलेला माल आणि बंद झालेल्या कुठल्या तरी प्रयोगशाळेचा वापरलेला माल एकाच खोक्यात आले होते. निळ्या झाकणाच्या बाटल्यांची सीलही शाबूत होती. सिलिंडरही कोऱ्या डब्यातला. सेकंडहँड बाजारात शोधायचं ते हेच : जुनं, पण न वापरलेलं. असा माल मिळतो. कॉलेजात खरेदी जास्त होते, अभ्यासक्रम बदलतो, माल पडून राहतो आणि एक दिवस लिलावात निघतो.

काच कुठली आहे

ॲस्पिरेटर का फुटली, हे त्याला समजून घ्यायचं होतं. त्यावर बोरोसिलचं चिन्ह नव्हतंच, विक्रेत्याच्या 'सगळं बोरोसिल'मध्ये ती फुकट सामील झाली होती. बोरोसिल कंपनी १९६२ मध्ये कॉर्निंगच्या सहकार्याने सुरू झाली, आणि कॉर्निंगने पायरेक्स १९१५ मध्ये बाजारात आणली होती. आपल्याकडे प्रयोगशाळेच्या कुठल्याही काचेला सर्रास बोरोसिल म्हणतात. पण मोठ्या जाड बाटल्या पुष्कळदा साध्या सोडा काचेच्या असतात. तापल्यावर सोडा काच बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. आतला थर गरम चहाने फुगतो, जाड भिंतीचा बाहेरचा थर थंडच राहतो, आणि ताण तळाच्या कोपऱ्यात एकवटतो.

दोन्ही काचा ओळखायची एक घरगुती रीत आहे, ती मी त्याला करून दाखवली. औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणलं, वाटीत ओतलं. बोरोसिलिकेटची काचकांडी त्यात बुडवली तर बुडालेला भाग जवळजवळ दिसेनासाच झाला, कारण दोन्हींचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचं माप, १.४७ च्या आसपास आहे. मग फुटलेल्या ॲस्पिरेटरचा तुकडा चिमट्याने धरून बुडवला. त्याच्या कडा स्पष्ट दिसत राहिल्या. सोडा काचेचा अपवर्तनांक १.५२ च्या जवळ असतो. अख्खं भांडं बुडवायची गरज नाही, ओठाचा काठ बुडवला तरी कळतं.

चारही कॉनिकल या परीक्षेत उतरले. मग तडे पाहिले. मोबाइलची बॅटरी तिरकी धरून तळ आणि मान फिरवून पाहायची. चांदणीसारखा फुटलेला छोटा तडा असेल तर प्रकाश त्यात अडकून चमकतो. नंतर लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन लावली, त्यापुढे फ्लास्क धरला आणि पोलराइज्ड गॉगलमधून, गॉगल फिरवत, पाहिलं. काचेत ताण असेल तर तिथे उजळ किंवा रंगीत पट्टे दिसतात. एका फ्लास्कच्या मानेत तसा ठळक पट्टा दिसला. कोरा असला तरी तो गरम कामासाठी बाद, फक्त साखर ठेवायला.

दाब

या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची गोष्ट अजून घडली नव्हती. ती बेतात होती. काचेच्या बुचाच्या बाटलीत रस घालून गॅस धरू देणं.

आंबताना एक ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरमागे २० ग्रॅम साखर शिल्लक असेल (आंब्याचा रस घातला तर सहज असते) आणि ती सगळी बंद बाटलीत आंबली, तर लिटरमागे १० ग्रॅम वायू तयार होतो. २५ अंशांना त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या पाच-सहा पट जातो. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी स्वयंपाकघर त्याहून गरम असतं, तेव्हा आणखी वर. प्रयोगशाळेची कुठलीही साधी बाटली किंवा सपाट तळाचा फ्लास्क हा दाब सोसण्यासाठी बनवलेला नसतो. बोरोसिलिकेट उष्णता सोसते म्हणून दाबही सोसेल, ही समजूत मी खूप जणांकडून ऐकली आहे, आणि ती फार घातक आहे. जाड भिंतीचा फिल्टरिंग फ्लास्क पाहून मुलालाही तसंच वाटलं होतं. तो आतली हवा ओढून घेण्यासाठी असतो, म्हणजे बाहेरून आत येणारा दाब सोसतो. आतून बाहेर ढकलणारा दाब हे वेगळं प्रकरण. काचेचं घासलेलं बूच तर अडकून बसतं किंवा गोळीसारखं सुटतं.

त्याने आता सोड्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटल्या धरल्या आहेत, आणि क्राउन झाकणाच्या, खास गॅसच्या पेयासाठीच बनवलेल्या काचेच्या. प्रत्येक घाण्यातली एक बाटली प्लास्टिकची ठेवतो. ती दाबून कडक लागली की सगळ्या फ्रिजमध्ये. बंद बाटल्या बाहेर राहिल्या तर गॅसबरोबर अल्कोहोलही वाढतं, तेही त्याने लक्षात घेतलं आहे.

धुणं

निवड झाल्यावर धुणं सोपं होतं. बिनवासाच्या डिटर्जंटच्या पाण्यात रात्रभर, सकाळी नायलॉनच्या ब्रशने. तारेची घासणी नाही, तिने चरे पडतात आणि चऱ्यातून काच फुटते. मग लिंबूसत्वाच्या फिकट द्रावणात एक रात्र, भरपूर नळाचं पाणी, शेवटी आरओचं. नंतर फ्लास्क उलटा धरून पाहायचं : पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर काच स्वच्छ, थेंब थेंब होऊन अडकलं तर चिकटपणा शिल्लक. ही खूण तेला-चरबीची आहे, धातूंबद्दल ती काही सांगत नाही. जड धातूंसाठी आम्ही प्रयोगशाळेत दहा टक्के नायट्रिक आम्लात भांडी बुडवून ठेवत असू. ते घरी करू नये. ते करायची गरज वाटते असं भांडं घरी आणूच नये.

एक धोका आवर्जून सांगतो. जुनी काच म्हटली की लोक बाथरूमचं ॲसिड आणतात, मग वरून ब्लीच ओततात. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो. गरम कॉस्टिक सोडाही नको, तो काच खातो.

फ्लास्क उकळताना मोठ्या पातेल्यात तळाशी फडकं, त्यावर फ्लास्क, गार पाणी, मग आच. गार होईपर्यंत पाण्यातच. तापलेला फ्लास्क ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवायचा नाही, घडी केलेल्या पंचावर ठेवायचा.

आताची व्यवस्था

तीन कॉनिकल विरजणासाठी वापरात आहेत. खरं तर कोंबुचाच्या मुख्य घाण्यासाठी कॉनिकलचा आकार चुकीचाच आहे. स्कोबीला, म्हणजे कोंबुचावर तरंगणाऱ्या जिवाणू-यीस्टच्या जाडसर थराला, हवा लागते, पृष्ठभाग रुंद लागतो, आणि कॉनिकल वर निमुळता होत जातो. एक तृतीयांशच भरला, तोंडावर कापड बांधलं, तर विरजण चांगलं जोपासलं जातं. मुख्य घाणा रविवार पेठेतून आणलेल्या रुंद तोंडाच्या नव्या काचेच्या बरण्यांत लागतो. त्या बरण्या सोडा काचेच्या आहेत, म्हणून चहा आधी स्टीलच्या पातेल्यात पूर्ण गार होतो. मागच्या घाण्याचं आंबट पाणी घालून सुरुवातीचा पीएच ४.२ च्या खाली आणायचा, हा नियम तो पट्टी लावून पाळतो. निळ्या झाकणाच्या बाटल्यांत साखरेचा पाक राहतो, गॅस धरणारं काहीही नाही.

फुटलेली आणि बाद काच जाड खोक्यात टेप लावून, वर 'फुटकी काच' असं मोठ्या अक्षरांत लिहून दिली. कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाताला ती लागू नये, याची काळजी आपणच घ्यायची असते. पाऱ्याचा थर्मामीटर घरगुती धोकादायक कचऱ्यात मोडतो, तो ओल्या-सुक्याच्या डब्यात टाकलेला नाही. सीओडीचे सहा फ्लास्क आणि कंडेन्सर माझ्या जुन्या कामाच्या ठिकाणी परवानगी घेऊन धोकादायक कचऱ्याच्या पिंपात गेले.

पुढच्या बुधवारी मुलगा पुन्हा जुन्या बाजारात गेला आणि विक्रेत्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्या माणसाने नीट ऐकून घेतलं. स्वतः रोज हाताळत असलेल्या मालात पारा असू शकतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्याकडे तसेच आणखी चार फ्लास्क होते, ते त्याने पैसे न घेता दिले, आणि तेही त्याच पिंपात गेले. दोन मात्र आधीच विकले गेले होते. घेणाऱ्याने फुलं ठेवायला नेले की पाणी प्यायला, ते त्याला ठाऊक नाही. तिथून कोणी घासलेल्या जॉइंटचा, खांद्यावर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला कॉनिकल घेतला असेल, तर त्याने जॉइंटचा आतला काठ दिवसाच्या उजेडात एकदा पाहावा. आणि कड दिसो वा न दिसो, तो फ्लास्क खाण्यापिण्यासाठी वापरू नये.